लाल धाग्याची पट्टी

सातपूर, नाशिक
१२ जानेवारी २०२५

श्री. मल्हारीराव यांस,
धोंडीरामचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल तर पत्र न फोडता बाजूला ठेवावंसं वाटेल. ठेवू नका. काम माझं नाही, नातीचं आहे.

दिशा ही माझ्या महेशची मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्यांच्या विद्यापीठाच्या मुलांसाठी एक स्पर्धा निघाली आहे. तिघातिघांचा संघ करायचा, जिल्ह्यातलं एखादं जुनं यंत्र शोधायचं, ज्याचा नकाशा कुठेच उरलेला नाही. त्याची मापं घ्यायची आणि ते अख्खं यंत्र कॉम्प्युटरवर उभं करायचं. त्याला मॉडेल म्हणतात. ते नुसतं चित्र नसतं. बोटानं फिरवता येतं, एकेक भाग सुटा करून परत लावता येतो. मग परीक्षक त्यातला एक भाग निवडतात, मुलांच्या मापांवरून तो प्लायवूडमध्ये मशीनवर कापून आणतात आणि खऱ्या यंत्राला लावून बघतात. बसला तर मॉडेल खरं, नाही बसला तर घरी जा.

दिशाच्या संघानं उसाचा चरक निवडला आहे. आडगावच्या पुढे बायडाबाईंची रसवंती आहे, तिथला. त्याच्या गालाच्या, म्हणजे बाजूच्या उभ्या पाटाच्या, आतल्या अंगाला बोट फिरवलं तर 'म' लागला. तुमचा पंच, नावाचा ठसा. म्हणजे चरक आपल्याच फाउंड्रीतला, पॅटर्न तुमच्या हातचा.

दिशाला इतके दिवस वाटत होतं की आजोबा सुतार होते. तिला बसवून सांगितलं, की बाई, लोखंड ओतायच्या आधी ती वस्तू लाकडात करावी लागते, ते लाकूड वाळूत दाबून अलगद काढून घ्यायचं, आणि जी पोकळी उरते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. ते लाकूड करणारे आम्ही. मी आखायचो आणि मल्हारी तासायचा. ती म्हणाली, "मग आम्ही करतो तेच की, फक्त लाकूड नाही."

आता प्रश्न असा. त्या गालाच्या आत, वरच्या कोपऱ्यात, वाटाण्याएवढा एक उंचवटा आहे. संघाचा म्होरक्या रुद्र म्हणतो, तो ओतकामातला दोष, मॉडेलमध्ये घ्यायचा नाही. तिसरी मुलगी पूजा म्हणते, दोष इतका गोल नसतो, कुणीतरी मुद्दाम केलाय. मला विचारलं तर मला आठवेना. तासणाऱ्यालाच माहीत असणार. तेवढं कळवा.

आमच्या घरातली, सखुबाई, जाऊन दोन वर्षं झाली. दहाव्याला तुमच्या मंडळी लंकाबाई आल्या होत्या. तुम्ही आला नाहीत. मी त्याचं काही मनात ठेवलेलं नाही.

हे तुम्ही-आम्ही मला जमत नाही, मल्हारी. एका बाकावर अकरा वर्षं जेवलो आपण. आता तूच म्हणतो. फोन करणार होतो, पण फोनवर तू 'हं' म्हणून ठेवून देशील. कागद निदान घरात राहतो.

तुझा
धोंडीराम


२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मल्हारी,

उत्तर आलं नाही. लंकाबाईंनी फोन करून पत्र पोचल्याचं तेवढं सांगितलं. मी विचारलं, वाचलं का त्यानं. त्या म्हणाल्या, "वाचलं बी आन् घडी घालून ठेवलं बी." हेही नसे थोडके.

गेल्या रविवारी मापं घेतली. सीझन सुरू व्हायच्या आधी चरक मोकळा मिळतो म्हणून बायडाबाईंच्या हातापाया पडून दिवस ठरवला. ही बाई म्हणजे उसापेक्षा कडक. मुलांनी लॅपटॉप, कॅमेरा, काय काय मांडलं तर म्हणते, "माझ्या चरकाचं लगीन हाय का? लय नटवू नका त्याला." रुद्र म्हणाला, "आजी, आम्ही याची कॉपी करतोय कॉम्प्युटरमध्ये." तर म्हणाली, "मग त्या कापीतून रस निघंल का?" पोरं हसून बेजार.

लहान मापं त्यांच्याकडच्या आकड्यांच्या कॅलिपरनं घेतली. मोठ्या मापांना रुद्रनं टेप काढली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. म्हटलं, टेप शिंप्याला दे. तिचं टोक हलतं, पोट लोंबतं, तिच्यावर लोखंड मोजायचं नसतं. घरून हत्यारांची पेटी नेलीच होती, त्यातली दोन फुटी पोलादी पट्टी दिली. पेटीत दोन पट्ट्या आहेत, तुला माहीत आहेतच. हाताला आली ती दिली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पण हाताला अजून सगळं ओळखता येतं.

माप वाचायला पूजाला बसवलं. ही मुलगी इगतपुरीची, वडील रेल्वेत लायनीवर काम करतात, इथे होस्टेलला राहते. बोलायला कमी. पण वाचायची पद्धत तुझी. डोळा पट्टीच्या बरोबर वर, श्वास धरून, एक माप चार वेळा. चौथ्यांदा वाचल्याशिवाय वहीत लिहायची नाही. रुद्र घाई करायला लागला की म्हणायची, "तू तोवर रस पी." मला तुझी आठवण झाली. तूही मला असंच म्हणायचास, फक्त रसाऐवजी विडी.

काल दिशानं मॉडेल दाखवलं. मल्हारी, तू पाहायला हवं होतंस. तो चरक अंधारात तरंगावा तसा पडद्यावर फिरत होता. तिनं एक गाल काढून बाजूला ठेवला, आतले ऊस पिळणारे रूळ दिसले, दाते दिसले. आपण डोळे मिटून मनात जे फिरवायचो ना, तेच या पोरांनी बाहेर काढून ठेवलंय. मी चौथी पास माणूस. नकाशा वाचायला कुणी शिकवला नाही. साहेबाच्या टेबलावरचा उलटा नकाशा चोरून बघत शिकलो. ही पोरं माझ्यासारख्याला विचारतात, "आजोबा, बरोबर आलंय ना?" मी म्हणालो, बरोबर आलंय.

वाटाणा पूजानं मॉडेलमध्ये ठेवायला लावला आहे. रुद्र रुसला आहे. तेवढं कळव रे बाबा.

तुझा
धोंडीराम


१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मल्हारी,

रविवारी पहिली फेरी झाली. परीक्षक म्हणून एक बाई आणि एक तरुण गृहस्थ गाडी घेऊन रसवंतीवर आले. गिऱ्हाईक उभं होतं, तरी बायडाबाईंनी चरक थांबवला. "सायब लोक आलेत, बसा गप," असं गिऱ्हाइकालाच सुनावलं.

परीक्षकांनी नेमका गाल निवडला होता. प्लायवूडचा, मुलांच्या मापावरून कापलेला. चार कोपऱ्यांना चार भोकं. खरा गाल उतरवला आणि त्या जागी हा धरला. वरचे दोन बोल्ट गेले. खालचे गेले नाहीत. भोकं वर राहिली. बाईंनी मोजलं. पाचशेचं अंतर, चारशे पंच्याण्णव निघालं.

पाच मिलिमीटर, मल्हारी.

बाई शांत होत्या. म्हणाल्या, चूक कुणाकडूनही होते, पण ती कुठे झाली हे शोधता आलं पाहिजे. आठ दिवसांत चुकीचं कारण लेखी द्या आणि सुधारलेलं मॉडेल द्या, मग शेवटच्या फेरीत घेऊ. कारण सापडलं नाही तर नाही.

त्या गेल्यावर रुद्र पूजाकडे वळला. "मोठी मापं कोणी वाचली?"

पूजा म्हणाली, "मी. बरोबर वाचली."

"बरोबर वाचली तर पाच मिलिमीटर खाल्ले कोणी? बायडाबाईंनी?"

"चार वेळा वाचलं होतं मी."

"म्हणजे चार वेळा चुकलीस."

तिनं वही दप्तरात घातली, दप्तराची चेन लावली आणि रिक्षाला हात केला. संध्याकाळच्या गाडीनं इगतपुरीला घरी गेली. दिशा फोन करतेय, ती उचलत नाही. रुद्र म्हणतो, कारणात लिहून टाकू, माप वाचणाऱ्या सदस्याची चूक, आणि संघ दोघांचा करून पुढे जाऊ.

घरी आल्यावर दिशानं मला विचारलं, "आजोबा, तुमची पट्टी बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "माझी पट्टी तीस वर्षं चुकलेली नाही."

बाकी ठीक. थंडी गेली. तुमच्याकडे कांदा निघाला असेल.

धोंडीराम


२३ फेब्रुवारी २०२५

मल्हारी,

मागच्या पत्रात 'बाकी ठीक' असं लिहिलं. ठीक नव्हतं. ते पत्र लिहीत होतो तेव्हा दोन्ही पट्ट्या माझ्या पुढ्यात होत्या.

रविवारी घरी आल्याबरोबर मी पेटी उघडली. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या, डावी टोकं भिंतीला टेकवली. उजवीकडे एक पट्टी सहा मिलिमीटर पुढे आली. मी मुलांना लांबडी दिली होती.

दिशाला जे समजावून सांगितलं, तेच तुलाही लिहितो. तुला माहीत आहे, पण मला ते पूर्ण लिहायचं आहे. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, शंभराला एक. पाचशेची वस्तू हवी असेल तर पॅटर्न पाचशे पाचचा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरकडे वेगळी पट्टी असते, जिच्यावरच्या रेघाच शंभराला एक जास्त लांब आखलेल्या असतात. तिच्यावर पाचशे मोजलं की खरे पाचशे पाच भरतात. आपण तिला लांबडी म्हणायचो आणि साधीला खरी. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पॅटर्न आखायला लांबडी, तयार वस्तू मोजायला खरी. पूजा चारही वेळा बरोबर वाचत होती. तिच्या हातात दिलेली पट्टीच तिच्याशी खोटं बोलत होती.

हे मला रविवारी दिवेलागणीला कळलं. त्यानंतर दिशानं मला विचारलं आणि मी ते उत्तर दिलं. शब्द बघ कसे जमवले. पट्टी चुकली नाही हे खरंच आहे. चुकला तो देणारा.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी तुला पत्र लिहिलं आणि त्यातही लपवलं. त्या पोरीवर आळ होता आणि मी जेवत होतो, झोपत होतो. मनात म्हणत होतो, आजोबा म्हणून पोरांसमोर जरा पत मिळाली आहे, तीही जाईल. आणि टेप मीच काढून घेतली होती.

बुधवारी पत्र टपालपेटीत टाकून परत येताना कळलं की हे मला नवीन नाही. हे मी आधी केलेलं आहे, तेव्हाही पाचच मिलिमीटर.

आता ते लिहितो.

त्र्याण्णव सालची खंडेनवमी. हत्यारं रॉकेलनं पुसून मांडली होती. तू मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणायला गेला होतास. लांबडीच्या भोकात लाल धागा बांधून ठेवायची रीत तुझी, म्हणजे चुकून खरी हातात येऊ नये. पूजेला जुना धागा काढून नवा बांधायचा. त्या वर्षी तू नव्हतास, मी बांधला. कुंकू लावलं, धागा बांधला, आणि खरीला बांधला.

दसऱ्यानंतर चरकाच्या गालांचं काम आलं. मी धागा बघून पट्टी उचलली आणि आखलं. तू माझ्या रेघेवर तासलंस. ओतून आले तेव्हा चाळीसच्या चाळीस गाल पाच मिलिमीटर तोकडे. साहेब म्हणाले, उद्या सकाळी चौकशी.

पाळी सुटल्यावर मी मागे थांबलो. पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि बघितलं. तेव्हा घरी निघून गेलो असतो तरी एक वेळ ती नुसती चूक राहिली असती. पण मी खरीचा धागा कापला आणि लांबडीला नवा बांधला.

सकाळी साहेबांनी पट्टी तपासली. धागा असलेली पट्टी लांबडीच निघाली. मग आखणी बरोबर, तासणाऱ्यानं लाकूड जास्त खाल्लं. पॅटर्नवर पंच तुझा होता. साहेबांनी तुझ्या हातात पट्टी दिली. तू धाग्यावरून अंगठा फिरवलास आणि मग अंगठ्याकडे बघितलंस. काय बघितलंस ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. साहेब म्हणाले, "तुझं काही म्हणणं?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "नाही."

इथे मी चार ओळी लिहिल्या होत्या, सखुबाईच्या आजारपणाच्या. त्या खोडल्या आहेत, कागद खरवडलेला दिसेल. सखुबाई तेव्हा ठणठणीत होती. खरं एवढंच की फोरमनची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. मिळालीही. तुझी नोकरी गेली, आणि तू कळवणला जाऊन दाराच्या चौकटी करू लागलास. इतक्या चांगल्या हातानं चौकटी.

सखुबाईला मी कधी सांगितलं नाही. ती दर खंडेनवमीला पेटी पुजायची आणि म्हणायची, मल्हारीभावजींना एकदा बोलवा. मी म्हणायचो, तोच येत नाही. ती गेल्यापासून पेटी पुजलेली नाही. धागा कधी कुजून पडला कळलंही नाही. म्हणून त्या दिवशी हाताला आली ती दिली, हात ओळखतो या गुर्मीत.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला मी दिशाला आणि महेशला दोन्ही सांगितलं, आताचं आणि त्र्याण्णवचं. महेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या पाळीवरून दमून आला होता. ताटावरून उठला नाही एवढंच. दिशा म्हणाली, "आजोबा, मी विचारलं होतं तुम्हाला." बस. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं इगतपुरीला गेलो. दिशा वाटेत खिडकीबाहेर बघत होती. पूजाची आई आशाताई, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात. पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "नाशिकहून इगतपुरीला गाडीला तास लागतो, बाबा. तुम्हाला रविवारपासून गुरुवार लागला."

मी म्हणालो, "याहून लांबचं एक अंतर अजून बाकी आहे माझं." त्यांना ते कळलं नाही. चहा ठेवला.

पूजासमोर दोन्ही पट्ट्या ठेवल्या. तिनं टोकं जुळवली, सहा मिलिमीटर बघितले. मग म्हणाली, "आजोबा, चार दिवस मला वाटत होतं माझे डोळे खोटं बोलतात. मी घरातलं सगळं मोजून बघितलं. टेबल मोजलं, दार मोजलं. सगळं बरोबर यायचं आणि मग जास्तच भीती वाटायची."

मल्हारी, तू पण मोजत बसला होतास का रे? कळवणला गेल्यावर?

कारणाचा कागद तिनंच लिहिला. 'मापपट्टी ओतकामाच्या पॅटर्नसाठीची होती, तयार वस्तू मोजण्याची नव्हती. वाचन अचूक होते.' खाली मला सही करायला लावली. मी सही केली. तशीच एक सही एकतीस वर्षांपूर्वीची राहिली आहे. साहेब गेले, फाउंड्रीच्या जागेवर गोदाम उभं राहिलं. दाखवायला कुणी नाही. म्हणून ती इथे करतो.

चाळीस गाल माझ्या आखणीनं तोकडे झाले. मल्हारीचा हात बरोबर होता. ते लपवायला धागा मी बदलला.

धोंडीराम फकिरा, पॅटर्नमेकर

माफी मागत नाही. मागितली की द्यायची का नाही याचं ओझं तुझ्यावर येतं. आधीच पुष्कळ वाहिलंस.


१० मार्च २०२५

मल्हारी,

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. पोस्टमननं हातात दिलं तर दारातच उभा राहून वाचलं, मग दिशाला दिलं, मग महेशनं मागून घेतलं. एकतीस वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही. नमस्कार नाही, सही नाही. मला पाठ झालं आहे, तरी इथे उतरवतो, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला कळेल.

'धाग्याला कुंकू नव्हतं. नवमीच्या धाग्याला कुंकू असतं, अंगठ्याला लागतं. मी त्याच सकाळी ओळखलं. साहेबापुढे गप्प राहिलो ते तू बोलशील म्हणून. संध्याकाळपर्यंत गेटबाहेर सायकल धरून उभा होतो. वाटाणा मुद्दाम ठेवला आहे. डावा उजवा गाल सारखेच दिसायचे, न बघता हाताला कळावं म्हणून उजव्याला ठेवला. त्या मुलीला सांग बरोबर ओळखलंस. धागा सुटतो. पट्टीला खाच पाड म्हणून मी तेव्हाच म्हणालो होतो.'

म्हणाला होतास. मीच नको म्हणालो होतो, पट्टी विद्रूप होईल म्हणून.

त्या संध्याकाळी मी मागच्या फाटकानं गेलो. पुढच्या फाटकाशी तू असशील याची भीती होती. आहेस हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

शनिवारी शेवटची फेरी झाली. पूजा आली होती. रुद्र तिच्याआधी येऊन उभा होता. म्हणाला, "मी तुझं ऐकायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "चार वेळा सांगितलं होतं." मग त्यानं चार वेळा सॉरी म्हटलं, बोटं मोजून. ती हसली नाही, पण दप्तर त्याच्याकडे धरायला दिलं.

गाल चढवला. वरचे दोन बोल्ट गेले, खालचे दोन गेले. नुसत्या बोटांनी, हातोडीला हात लावावा लागला नाही. लाकडाचा गाल लोखंडाला असा बसला की मधून कागद जाईना. बायडाबाई म्हणाल्या, "आता ह्योच ठिवा, हलका तरी हाय."

परीक्षक बाईंनी उतरवलेल्या खऱ्या गालाच्या आत बोट फिरवलं आणि वाटाण्याशी थांबल्या. विचारलं, "हा दोष मॉडेलमध्ये का घेतला?" पूजानं तुझी ओळ सांगितली, शब्दाला शब्द. आणि वर म्हणाली, "ज्यांनी हा पॅटर्न कोरला ते कळवणला असतात. त्यांचं नाव आम्ही मॉडेलमध्ये लिहिलं आहे." बाईंनी पुन्हा बोट फिरवलं, या वेळी डोळे मिटून.

नंबर आला नाही. पहिल्या फेरीचे गुण कापले गेले होते. दिशा रडली थोडी, रुद्रनं सगळ्यांना रस पाजला. पण ते मॉडेल विद्यापीठात राहणार आहे. कुणीही उघडून चरक फिरवून बघू शकेल. गाल सुटा केला की आतल्या अंगाला तुझा 'म' आहे आणि खाली पूर्ण नाव. आखणी धोंडीराम असं दिशा लिहिणार होती. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि जोरही केला नाही. ती अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. बोलेल. लोखंड आहे, आपल्या वेळेनं थंड होतं.

काल मी कानस घेऊन बसलो होतो. लांबडी शिकंज्यात धरली, टोकाशी खूण केली. आणि कानस खाली ठेवली. हे काम माझ्या हातचं नाही. मी आखतो, तासतोस तू.

होळी झाली की दुसऱ्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं कळवणला येतो. दोन्ही पट्ट्या आणतो, कानसही आणतो. डोळे असे, तर कुठली खरी, कुठली लांबडी ते तूच बघ. दिशा आणि पूजा यायचं म्हणत होत्या, त्यांना सांगितलं, आधी मला एकट्याला जाऊ द्या.

दारात येऊन हाक मारीन. आत बोलावलं नाहीस तर राग नाही. बाहेरच उभा राहीन. संध्याकाळपर्यंत उभं राहायचं माझं राहूनच गेलं आहे.

धोंडीराम